आगकाड्यांची मौज कुठे गेली?

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या नाचवल्या होत्या. पहिलं महायुद्ध चालू होतं, पैशांची चणचण होती, मोठा चित्रपट हाती घेणं अवघड होतं. तेव्हा त्यांनी काही छोट्या फिल्म केल्या आणि त्यातलीच एक ‘आगकाड्यांची मौज’. काडी ठेवायची, एक चौकट टिपायची, काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक चौकट टिपायची. सेकंदभराच्या हालचालीसाठी पंधरा-सोळा वेळा हेच. आपल्या देशातलं पहिलं कार्टून म्हणावं ते हे. मी ते पाहिलेलं नाही, तुम्हीही पाहिलेलं नाही, कारण ते आता नाहीच.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी दोनच उरली, याबद्दल आपण दर काही वर्षांनी हळहळतो. ते योग्यच आहे. पण आगकाड्यांसाठी कुणी हळहळलेलं मला तरी आठवत नाही. तो पोरखेळ होता, गंमत होती, मुख्य चित्रपटाबरोबर दाखवायचं तोंडीलावणं होतं. अशा गोष्टी जपायच्या असतात हे त्या वेळी कुणाच्या मनात आलं नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. आज मात्र आपल्याला ठाऊक आहे की मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास चित्रपट झाले आणि त्यातले जेमतेम तीसेक उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. एवढं ठाऊक असूनही भयपट, कार्टून, रात्री उशिरा लागणारी भुताची मालिका यांच्याकडे आपण त्याच नजरेने बघतो, हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं असं आहे की हा ‘हलका माल’ सार्वजनिक पैशातून, कायद्याच्या सक्तीने आणि दर्जाची परीक्षा न घेता जपला पाहिजे. आणि जपलेलं लोकांना काटछाट न करता बघायला मिळालं पाहिजे.

दर्जाची परीक्षा नको, असं म्हणण्याला कारण आहे. भयपटांच्या इतिहासात ही परीक्षा वारंवार चुकलेली आहे, आणि जे वाचलं ते बहुधा नियम मोडणाऱ्यांमुळे किंवा निव्वळ चुकीने वाचलं आहे. १९२२ चा ‘नोस्फेराटू’ घ्या. मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून तो केला, नावं बदलली, पण परवानगी घेतली नाही. स्टोकरची पत्नी फ्लोरेन्स कोर्टात गेली. तिची बाजू न्याय्यच होती. नवऱ्यामागे त्या पुस्तकाच्या उत्पन्नावर तिचा हक्क होता. निर्मिती करणारी कंपनी तोवर दिवाळखोरीत गेली होती, आणि १९२५ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करायचा आदेश दिला. तो आदेश पूर्ण पाळला गेला असता तर ती जिन्यावरून सरकत जाणारी लांब नखांची सावली आज कुणाला माहीत नसती. पिशाच्च सूर्यप्रकाशाने नाश पावतं ही कल्पनाही त्या चित्रपटाची देणगी आहे. मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. पुढे शंभर वर्षं जगभरच्या भयपटांनी ज्या नियमावर पोट भरलं, तो नियम घालून देणारा चित्रपट काही प्रती इकडेतिकडे दडून राहिल्या म्हणून वाचला.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी पिट्सबर्गच्या आसपास एक लाख चौदा हजार डॉलरच्या घरात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. १९६८ मध्ये तो प्रदर्शित होताना वितरकाने नाव बदललं, आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात त्या सूचनेवाचून हक्कच उरत नसे. चित्रपट जन्मतःच सगळ्यांचा झाला. रोमेरोचं यात मोठं नुकसान झालं आणि त्याचं वाईट वाटतंच. पण कुणीही प्रत काढावी, कुठल्याही वाहिनीने मध्यरात्री लावावा, कुठल्याही कॅसेटवाल्याने विकावा, असं झाल्यामुळे तो घराघरांत पोचला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याला राष्ट्रीय चित्रपट यादीत घेतलं. त्या यादीत त्याआधी, १९९२ मध्येच, ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ हे बग्ज बनीचं कार्टून जाऊन बसलं होतं. सशाच्या सात मिनिटांच्या कार्टूनला राष्ट्राचा ठेवा म्हणायला तिथल्या ग्रंथालयाला संकोच वाटला नाही. आपल्याकडे असा संकोच अजून आहे.

दूरचित्रवाणीची गोष्ट तर आणखी वाईट. १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे सुरुवातीच्या वर्षांतले शंभराच्या आसपास भाग बीबीसीने गमावले. टेप महाग होत्या, कपाटांत जागा नव्हती, पुनःप्रक्षेपणाचे करार संपले होते. पुसा आणि पुन्हा वापरा, असा सरळ हिशेब होता. मात्र एकाही भागाचा आवाज हरवलेला नाही. कारण त्या काळातली पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरच्यांना गप्प बसायला सांगून आवाज टेप करत होती. त्याच आवाजांवर आता नवी रेखाटनं जोडून हरवलेले भाग पुन्हा उभे केले जातात. २०१३ मध्ये नऊ हरवलेले भाग सापडले ते नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रात.

आपल्या दूरदर्शनवरही टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. त्याच्या पहिल्या दशकातलं काय काय उरलं आहे हे सामान्य प्रेक्षकाने कुठे जाऊन बघायचं? जे उरलं त्याचं काय होऊ शकतं हे २०२० च्या टाळेबंदीत आपण पाहिलं. ‘रामायण’, ‘महाभारत’ तर लागलंच, पण मोगलीचा ‘जंगल बुक’ही लागला. ती मुळातली जपानी कार्टून मालिका, १९८९ ची. हिंदीत येताना तिला गुलजारांचं शीर्षकगीत मिळालं, विशाल भारद्वाजची चाल मिळाली आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला. या तीन गोष्टी जपानकडे नाहीत, त्या आपल्याच आहेत. त्या कुणीतरी कपाटात नीट ठेवल्या होत्या म्हणून चाळिशीतले आईबाप मुलांना शेजारी बसवून ते पुन्हा बघू शकले.

माझ्या काकांनी असंच एक कपाट भरलं होतं. ते ठाण्याला राहायचे, त्यांच्याकडे केबल आणि व्हीसीआर दोन्ही होतं, आणि मे महिन्यात चिपळूणला येताना ते आम्हा पोरांसाठी कॅसेटी आणायचे. त्यावर काय वाट्टेल ते असायचं. अर्धं कार्टून, मग क्रिकेटची दोन षटकं, मग १९९३ पासून लागायला लागलेल्या ‘झी हॉरर शो’चा एखादा भाग, मधल्या जाहिरातींसकट. ते संगीत सुरू झालं की माझी आत्या देवघरात जाऊन बसायची. काका गेल्यावर त्या कॅसेटी माझ्याकडे आल्या. कोकणातल्या पावसाळ्यांनी त्यांचं जे केलं ते कॅसेटच्या खिडकीतूनच दिसत होतं, टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी. ज्यांच्याकडे त्या डिजिटल करायला नेल्या त्यांनी एकेक उजेडात धरली आणि बहुतेक बाजूला ठेवल्या. “बुरशी आहे. मशीनला लावली तर हेड जाईल आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेटपण खराब होईल.” बावीसपैकी पाच वाचल्या. त्या पाचांत जे आहे ते राष्ट्रीय ठेवा आहे असा माझा दावा नाही. पण तीस वर्षांपूर्वी एका मराठी घरात संध्याकाळी काय बघितलं जात होतं, जाहिरातीसकट आणि अनाउन्सरच्या आवाजासकट, हे त्या पाच कॅसेटींइतकं नेमकं मला कुठल्याच अधिकृत संग्रहातून मिळणार नाही.

आता रामसे बंधूंबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण हा सगळा वाद त्यांच्याच दारात येऊन थांबतो.

फतेहचंद रामसे फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान चालवायचे. मूळ आडनाव रामसिंघानी. मुंबईत आल्यावर ते चित्रपटांत उतरले, आणि १९७० मध्ये त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण मुलांच्या लक्षात आलं की लोक एकाच प्रसंगासाठी थांबतात, पृथ्वीराज कपूर सैतानाचा मुखवटा घालून चोरी करायला येतो तेवढ्यासाठी. त्यांनी ठरवलं की तेवढंच करू. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला तळ ठोकून, मोजक्या माणसांत आणि तुटपुंज्या पैशांत केला. सात भाऊ होते. एकाने कॅमेरा घेतला, एकाने आवाज, दोघांनी दिग्दर्शन, आणि घरातल्या बायकांनी सगळ्या युनिटचा स्वयंपाक. कुटुंबाचा कारखाना म्हणावा तसं ते चालायचं. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ जोरात चालला. त्यातला सामरी नावाचा सैतान झालेला अनिरुद्ध अगरवाल रुरकीहून शिकलेला इंजिनिअर होता.

मी ‘पुराना मंदिर’ गेल्या वर्षी पुन्हा बघितला. लहानपणी भीती वाटलेल्या जागी भीती वाटली नाही. लाल-निळे दिवे, धुराचे लोट, मध्येच सुरू होणारी ‘शोले’ची नक्कल, हे सगळं लांबलं. बायकांकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ती नजर आज खुपते, आणि ती तेव्हाही चुकीचीच होती. पण लहानपणी मुळीच न दिसलेली एक गोष्ट या वेळी दिसली. सामरीचा शाप आहे तो राजघराण्याच्या मुलींवर. वंशातली प्रत्येक मुलगी बाळंतपणात भयंकर मरेल. म्हणून बाप मुलीला प्रेम करू देत नाही, लग्न करू देत नाही, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचं ओझं शहरात शिकणाऱ्या मुलीच्या पोटावर येऊन पडतं. हवेली, ठाकूर, खानदानाची इज्जत, पुरलेलं पाप, सगळं तिथं आहे. त्या काळातले प्रतिष्ठित सामाजिक चित्रपट जे भाषणातून सांगत होते ते हा चित्रपट एका धडाविना मुंडक्यातून सांगतो. दिग्दर्शकांना ते कितपत अभिप्रेत होतं याने मला फरक पडत नाही. तालुक्याच्या टॉकीजमध्ये स्टॉलची तिकिटं काढून बसलेल्या माणसाला कशाची भीती वाटत होती, याचा हा पुरावा आहे, आणि असा पुरावा पुरस्कारविजेत्या चित्रपटांत सहसा सापडत नाही.

याच चित्रपटाची आणि ‘बंद दरवाजा’ची जरा बरी डीव्हीडी काढली ती ‘मोंडो मकाब्रो’ या परदेशी कंपनीने, जगभरचे विचित्र चित्रपट शोधून काढणाऱ्या लोकांनी. आपल्या गावात महाबळेश्वरच्या धुक्यात घडलेली परंपरा नीट बघायची तर तबकडी बाहेरून मागवायची. मला यात लाज वाटते.

रुची उशिरा बदलते. वाडिया मूव्हीटोनच्या मारधाडपटांची नायिका नादियाला, ‘हंटरवाली’ला, १९३५ मध्ये लोकांनी डोक्यावर घेतलं आणि जाणकारांनी नाक मुरडलं. आज तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये बाहुल्याचा थिल्लर चित्रपट होता. आज रामदास पाध्यांचा तात्या विंचू न ओळखणारं मराठी पोर शोधावं लागेल. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला आणि बेताचाच चालला. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यामागे नारायण धारपांच्या कथेचं बीज आहे, हे पुष्कळ तरुणांना तेव्हा कळलं आणि धारपांची पुस्तकं पुन्हा हातात आली. कोणती गोष्ट केव्हा उगवेल हे आज ठरवता येत नाही, म्हणून आज बी फेकून देऊ नये.

याला एक आक्षेप आहे आणि तो मी हलक्यात घेणार नाही. ज्या राज्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, जिथे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे भूत-चेटकिणींचे चित्रपट जनतेच्या पैशांनी का जपायचे? मी त्या चळवळीचा ऋणी आहे. भानामतीच्या नावाखाली बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या मी वाचत आलो आहे, आणि चेटकीण म्हणजे एकटी बाई हे समीकरण लोकांच्या डोक्यात घट्ट करण्यात चित्रपटांचाही वाटा आहे, असं मला वाटतं. म्हणूनच ते चित्रपट पुरावा म्हणून हाताशी हवेत. शिक्षकाला वर्गात दाखवता आले पाहिजेत, कार्यकर्त्याला शिबिरात थांबवून थांबवून दाखवता आले पाहिजेत: बघा, इथे केस मोकळे सोडलेली बाई आली की संगीत बदलतं, का बदलतं? फिल्म सडून गेली म्हणून समज गेली असं होत नाही.

याच कारणासाठी मला कापलेली आवृत्ती मान्य नाही. ‘टॉम अँड जेरी’च्या जुन्या भागांत एक जाडजूड मोलकरीण दिसते, तिचे फक्त पाय दिसतात आणि हातातली झाडू. लहानपणी आम्ही हसत होतो. ती अमेरिकेतल्या काळ्या मोलकरणीची टिंगल आहे, हे मला तिशीनंतर कळलं. तिकडे साठच्या दशकात काही भागांत तिच्या जागी गोरी बाई चितारली, पुढे कुठे आवाज बदलला, कुठे प्रसंगच उडवला. नंतर वॉर्नर ब्रदर्सने जास्त प्रामाणिक वाट धरली. सुरुवातीला पाटी लावली की हे चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे, पण ते वगळून दाखवणं म्हणजे असे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हणण्यासारखं होईल. ती पाटी वाचून मला आमचं हसू आठवलं आणि वाईट वाटलं. कापलेला भाग बघितला असता तर ते वाईट वाटणं माझ्या वाट्याला आलं नसतं.

करायचं काय, हे अवघड नाही. पुस्तक छापलं की १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला त्याच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांना द्याव्याच लागतात. त्यात पाककृतींचं पुस्तक आणि गाईड यांनाही सूट नाही, आणि कुणी दर्जा विचारत नाही. चित्रपटाच्या चांगल्या प्रतीसाठी, मालिकेसाठी, कार्टूनसाठी अशी सक्ती आपल्याकडे नाही. ती हवी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे. तिथे काम करणाऱ्या माणसांनी काय काय वाचवलं याची आपल्याला पुरेशी जाणीव नाही. पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबाकडून ‘कालिया मर्दन’ मिळवला नसता तर तोही आगकाड्यांच्या वाटेने गेला असता. आणि तरीही ८ जानेवारी २००३ ला पुण्यात आग लागली आणि नायट्रेट या चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मवरचे शेकडो चित्रपट गेले. फिल्म वारसा अभियानासाठी सुमारे ५९७ कोटी रुपये मंजूर झाले, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. त्यातून दुरुस्त करायच्या चित्रपटांच्या यादीत भयपटांना, कार्टूनला, फिल्म्स डिव्हिजनच्या ‘एक अनेक और एकता’सारख्या छोट्या फिल्मांना ठरावीक वाटा असावा, एवढं माझं मागणं आहे. ती फिल्म विजया मुळे यांनी १९७४ मध्ये केली, आणि तिची स्वच्छ प्रत प्रत्येक मराठी शाळेत असायला काहीच हरकत नाही.

कायद्यातली दुसरी गाठ हक्काची. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. १९९२ पर्यंत पन्नास होता, तो वाढवला. साठ वर्षं संपली की चित्रपट जनतेचा. पण संग्रहालयाच्या कपाटातली प्रत जनतेला सहज दिसत नसेल तर त्या हक्काचा उपयोग काय? मुदत संपलेला प्रत्येक चित्रपट, मग तो कितीही फुटकळ असो, संग्रहालयाने स्वतःहून इंटरनेटवर मोफत खुला करावा. आणि ज्यांच्या घरात जुन्या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेटी आहेत, त्यांनी त्या आणून दिल्या तर कुणी हक्कभंगाचा बडगा दाखवणार नाही, अशी लेखी हमी कायद्यात हवी. ‘डॉक्टर हू’चे आवाज अशाच घरांतून आले.

तोवर तुमच्या माळ्यावर काय आहे ते बघा. फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट फिल्म आहे आणि ती झिजते आहे. तिला इतर डब्यांपासून वेगळं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि संग्रहालयाला कळवा. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर ती नायट्रेटवर असू शकते. नायट्रेट चटकन पेट घेतं आणि पाण्याने विझत नाही, तेव्हा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका, स्वतः प्रोजेक्टरवर चढवू नका. आणि कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. माझ्या काकांच्या सतरा कॅसेटी मी अजून टाकलेल्या नाहीत.